बंदी उठली की नौकेवर बाटलीही चढते

ताई,

मी हर्णैच्या बाजूचा. वय 43, नौकेवर तांडेल आहे, म्हणजे नौका आणि खलाशी माझ्या शब्दावर चालतात. पिणं खलाशी होतो तेव्हापासूनचं. आधी जेट्टीवर परतल्यावर, मग फेरीवर जातानाही सोबत, शेवटी शेवटी सकाळी डोळा उघडला की क्वार्टर. एप्रिलमध्ये डोळे पिवळे झाले. घरच्यांनी कावीळ उतरवून आणली, चुन्याचं पाणी पिवळं झालं, पण पोट फुगतच गेलं. मे महिन्यात रत्नागिरीला अॅडमिट झालो. पोटातलं पाणी काढलं, रिपोर्टात लिव्हर सिरॉसिस लिहून आलं. डॉक्टर म्हणाले, यापुढे एक थेंब नाही. तेव्हापासून खरंच घेतलेली नाही. पावसाळ्यातली मासेमारीबंदी होती, घरात बसून जाळी शिवली. परवा रक्त तपासलं तर एसजीपीटी 34, नॉर्मल. पोटही उतरलंय. म्हणजे लिव्हर सुधारलं ना?

1 ऑगस्टला नौका लोटायच्या. पहिल्या फेरीची पार्टी तांडेलाने द्यायची अशी रीत. पोरांना सांगून ठेवलंय की यंदा श्रावण पाळणार. पण पुढे काय? सणाला एखादी बियर चालेल का? तिच्यात काय एवढं नसतं. डॉक्टर म्हणाले दारू सोडलेल्यांच्या मिटिंगला जा. पण इथे सगळे ओळखीचे, लाज वाटते. आणि मनात आणलं तर मी एकटा करू शकतो, अडीच महिने केलंच की. बायको मात्र रोज संध्याकाळी जवळ येऊन तोंडाचा वास घेते, डोकं फिरतं. माझ्याच नौकेवर चोवीस वर्षांचा एक पोरगा आहे, सकाळी त्याचे हात थरथरतात. त्याला बघून मला माझंच आठवतं. काय करू ते सांगा.

एक तांडेल



तांडेलदादा,

आधी तो 34 चा आकडा बाजूला ठेवू. तुमचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे आणि तिथेच तो चुकलाय.

एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींमधलं द्रव्य. पेशी मरत असतात तेव्हा ते रक्तात सांडतं आणि आकडा चढतो. दारू थांबली की पेशी मरण्याचा वेग कमी होतो आणि काही आठवड्यांत आकडा खाली येतो. म्हणजे 34 हा आकडा एवढंच सांगतो की सध्या नवीन मार बसत नाहीये. वीस वर्षांत जे व्रण पडले, ज्यांना सिरॉसिस म्हणतात, त्यांच्याबद्दल तो काहीच सांगत नाही. सिरॉसिस झालेल्या कित्येकांचं एसजीपीटी अगदी नॉर्मल असतं. तोच कागद पुन्हा हातात घ्या आणि बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर आणि प्लेटलेट या चार ओळी शोधा. लिव्हर काम किती करतंय ते पहिल्या तिन्हींवरून कळतं, आणि प्लेटलेट कमी असतील तर आतल्या शिरांमधला दाब वाढलाय असा संशय घ्यायचा. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा या चार ओळींवर बोट ठेवून विचारा, 'मेमध्ये किती होतं, आता किती आहे?' कागदावर यातलं काही नसेल तर तपासून घ्या.

व्रणांनी लिव्हर घट्ट होतं, आणि आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला त्यातून वाट मिळत नाही. खाडीचं तोंड गाळाने भरलं की भरतीचं पाणी बाजूच्या शेतात घुसतं ना, तसंच हे. तुमच्या पोटात साचलेलं पाणी त्यातलंच. त्याच दाबाने अन्ननलिकेच्या शिरा फुगतात, त्या दुखत नाहीत, कळतही नाहीत, आणि एखाद्या दिवशी फुटतात तेव्हा माणूस रक्ताची उलटी करतो. म्हणून माझा पहिला प्रश्न: तुमची एंडोस्कोपी, म्हणजे घशातून दुर्बीण घालून केलेली तपासणी, झाली आहे का? पत्रात तिचा उल्लेख नाही. शिरा मोठ्या असतील तर डॉक्टर दाब कमी करणाऱ्या गोळ्या देतात किंवा दुर्बिणीतून रबरी बँड लावून त्या बांधतात. हे जेट्टीवर करायचं काम नव्हे, आणि समुद्रात, किनाऱ्यापासून दिवसभराच्या अंतरावर ती शीर फुटली तर तुमच्या हातात काही उरत नाही. एंडोस्कोपी होऊन डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत तुम्ही फेरीवर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या फेऱ्या दुसऱ्या कोणी तांडेल म्हणून केल्या तर वाटणी बुडेल, हंगामाची सुरुवात हातची जाईल, हे मला कळतं. कोळंबीचे दिवस तेच असतात. तरीही.

आता चांगलं काय ते. दारू पूर्ण थांबवली तर सिरॉसिसमध्येही पुष्कळ फरक पडतो. पोटातलं पाणी बऱ्याच जणांचं ओसरतं, भूक परत येते, हातापायांत मांस भरतं, कावीळ जाते, आणि आयुष्य वाढतं. काही जणांचं प्रत्यारोपणापर्यंत आलेलं प्रकरण नुसतं न प्यायल्याने मागे फिरलेलं आहे. व्रण सगळे पुसले जातील असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण जेवढं लिव्हर शिल्लक आहे तेवढ्यावर माणूस वर्षानुवर्षं चांगला जगू शकतो. हा फरक पडायला महिने लागतात, तुमचे आत्ता कुठे अडीच झालेत. पोट उतरलं ते बहुधा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी. त्या परस्पर बंद करू नका.

बियरचं उत्तर आकड्यातच देते. 650 मिलीची स्ट्राँग बियर, आठ टक्क्यांची, म्हणजे शुद्ध अल्कोहोल सुमारे 40 ग्रॅम. 60 मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये तो 20 ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे बियरची एक बाटली हे दोन मोठे पेग झाले. लिव्हरला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. माडीचंही तेच. सकाळी झाडावरून उतरवलेली गोड असते, दुपारपर्यंत ती आंबत राहते, आणि 'झाडाची आहे, बाधत नाही' म्हणत आमच्याकडे येणाऱ्यांच्या फायलीत तोच रिपोर्ट असतो जो तुमच्याकडे आहे. काजूची हुर्राक, गोव्याची स्वस्त बाटली, कोणाच्या तरी घरची 'औषधी', सगळी एकच. आणखी एक, जे लोकांच्या लक्षात येत नाही: लिव्हरसाठी म्हणून कोणी कुमारी आसव किंवा दुसरं एखादं अरिष्ट आणून देईल. आसव-अरिष्टं आंबवूनच बनतात, त्यांत अल्कोहोल असतोच. नको म्हणा.

कावीळ उतरवण्याबद्दल रागावून काही उपयोग नाही, अर्ध्या कोकणाने कधी ना कधी ती उतरवून घेतलेली आहे. पण ते पिवळं पाणी तुमच्या अंगातून आलेलं नव्हतं. झाडाच्या सालीचा रस हाताला लावून चुन्याच्या पाण्यात धुतला की पाणी पिवळं होतंच, निरोगी माणसाचे हात धुतले तरीही. साध्या विषाणूची कावीळ बहुतेकदा आपोआप उतरते, म्हणून या उपायाला श्रेय मिळतं. दारूच्या काविळीत मात्र तेवढे दिवस वाया जातात. तुमचे गेलेच. आणि गुळवेल 'नैसर्गिक' म्हणून कोणी देईल तर तीही नको. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली आहे.

नौकेवरच्या माणसाने आणखी काही गोष्टी सांभाळायला हव्यात, त्या दवाखान्यात घाईत कोणी सांगत नाही.

मीठ. पोटात पुन्हा पाणी भरू नये म्हणून दिवसाचं सगळं मिळून साधारण पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. आमच्याकडे ते ताटात वरून घेण्यात जात नाही, ते खाऱ्या बांगड्यात, सुकटीत, पापडात, लोणच्यात असतं. आणि आगळात. कोकमाचा आगळ मीठ घालूनच टिकवतात, त्यामुळे सोलकढी तब्येतीची म्हणून तुम्ही वाटीवर वाटी प्यालात तर पोट पुन्हा चढेल. बिनमिठाची आमसुलं भिजवून कढी करा. ताजी मासळी हवी तेवढी खा. 'लिव्हरवाल्याने मासे, अंडी, डाळ बंद' असं कोणी सांगितलं असेल तर ते जुनं झालं. तुमच्या मांड्या बारीक झाल्या असतील, ते मांस प्रोटीननेच परत येणार. रात्री निजण्याआधी काहीतरी खायचं, उपाशीपोटी दहा-बारा तास काढायचे नाहीत. उपास तर अजिबात नकोत, श्रावणातलेही.

अंगदुखीच्या गोळ्या. जाळं ओढून खांदे भरून आले की प्रत्येक नौकेवर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची पाकिटं फिरतात. सिरॉसिसमध्ये त्यांनी मूत्रपिंड बसतं आणि रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉल कमी मात्रेत, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, डॉक्टरांना विचारून. झोपेची गोळी नको.

आणि जखम. माशाचा काटा लागला, दोरीने हात कापला, तर तुम्ही आजवर खाऱ्या पाण्यात धुऊन पुढे कामाला लागत होता. उबदार समुद्राच्या पाण्यात एक जंतू असतो, निरोगी माणसाला तो सहसा काही करत नाही, पण लिव्हर गेलेल्याच्या रक्तात शिरला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. गोड्या पाण्याने, साबणाने धुवा, हातमोजे घाला, जखम लाल होऊन सुजायला लागली की परत फिरा. कालवं, शिंपल्या पूर्ण शिजवूनच.

हे झालं लिव्हरचं. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं ते एका वाक्यासाठी: 'मनात आणलं तर मी एकटा करू शकतो.'

अडीच महिने न पिणं ही छोटी गोष्ट नाही, पहिलं श्रेय तुमचं. पण ते अडीच महिने कसे गेले ते बघा. जून-जुलै नौका बंद. खिशात रोख नाही. पाऊस, घर, जाळी, बायको समोर. बंदर सुनसान. दारू सोडायला याच्याहून सोपा काळ वर्षात दुसरा नाही, आणि तो आता संपतोय. 1 ऑगस्टपासून तुमची रोजची माणसं, रोजचा वास, रोजची वेळ सगळं परत येणार. तलफ ही बहुतेकदा जागेला आणि वेळेला चिकटलेली असते. फेरी संपली, मासळी लिलावात गेली, अंघोळ झाली, वाटणी हातात पडली, अंग मोडून आलंय, आणि सूर्य कलतोय. तो तास तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या तासाला तुमचा निश्चय तिथे हजर असेल याची खात्री देता येत नाही. माणूस हजर असू शकतो.

1935 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन नावाच्या गावी बिल नावाचा शेअर बाजारातला एक माणूस हॉटेलात अडकला होता. काही महिने तो दारूपासून दूर होता. धंद्याचं काम फसलं, खिसा रिकामा, शनिवारची संध्याकाळ, आणि हॉटेलच्या बारमधून हसण्या-बोलण्याचा आवाज येत होता. त्याला आत जावंसं वाटलं. मग त्याने काय करावं? त्याने चर्चना फोन लावले आणि विचारलं, गावात कोणी दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. अशी गाठ पडली ती डॉ. बॉब नावाच्या सर्जनशी, जो तेव्हा पीतच होता. दोघं तासन्‌तास बोलले. बिल त्याला सुधारायला गेलेला नव्हता, स्वतः पिऊ नये म्हणून गेला होता. डॉ. बॉबने शेवटचा घोट घेतला तो 10 जूनला, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे 'एए' आपला जन्म त्या दिवसापासून मोजते. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली मिटिंग ती हीच.

तिथे काय होतं ते सांगते, म्हणजे धास्ती जाईल. दहा-पंधरा माणसं खुर्च्यांवर बसतात. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कोणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा आहे एवढी एकच अट. एकेक जण आपलं सांगतो, बाकीचे ऐकतात, मध्ये कोणी बोलत नाही, उपदेश करत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही नुसतं 'आज ऐकतो' म्हणालात तरी चालतं. देवाबद्दल बोलणं येतं, काहींना ते रुचत नाही. न रुचलं तर तेवढं सोडून द्या आणि माणसं घ्या. मला स्वतःला त्यातली प्रत्येक गोष्ट पटते असं नाही. पण रात्री साडेआठला फोन केला तर 'कुठे आहेस? थांब तिथेच' म्हणणारा माणूस मला कुठल्याच औषधाच्या दुकानात मिळालेला नाही.

राहिली लाज. दादा, तुम्ही पीत होता तेव्हा ते अख्ख्या बंदराने पाहिलंय. जेट्टीवरून तुम्हाला उचलून आणणारे हात गावचेच होते. सोडताना लपवायचं काय? तरीही जवळच्या मिटिंगला पहिल्यांदा पाऊल उचलत नसेल तर लांबच्या गावच्या मिटिंगला जा, तिथे तुम्ही फक्त एक नाव असाल. फोनवर आणि ऑनलाइनही मिटिंगा चालतात, मराठीतून चालतात. कुठली जवळ पडेल, केव्हा असते, हे विचारायला 14446 हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन आहे. मन फार खचलं, झोप उडाली, नको ते विचार यायला लागले तर 14416, टेलिमानस, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. भरती होऊन उपचार घ्यावेसे वाटले तर पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून हेच काम करतंय. रत्नागिरीत सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 'मनोरुग्णालय' या पाटीला घाबरू नका, तलफ हा मेंदूचाच आजार आहे आणि त्याचे डॉक्टर तिथे बसतात. एक मात्र पाळा: जिथे घरच्यांना भेटू देत नाहीत, डॉक्टर नाहीत, मारझोड करतात अशा 'केंद्रा'च्या पायरीवर जाऊ नका.

तलफेवर औषधंही आहेत. मानसोपचाराच्या डॉक्टरांना आपला सिरॉसिसचा कागद आधी दाखवा आणि मग विचारा, कारण नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी काही लिव्हरला जड जातात. त्यांतल्या बॅक्लोफेन या औषधाची चाचणी सिरॉसिसच्या रुग्णांवर झालेली आहे, ते तुम्हाला चालेल का हे डॉक्टरच ठरवतील. 'चहातून गुपचूप द्या, दारू सुटेल' अशी पुडी कोणी तुमच्या बायकोला विकली तर ती आधी समुद्रात जाऊ दे. अशा पुडीत डायसल्फिरॅम असू शकतं. ते पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळतो, आणि ते लिव्हरलाही मारतं.

आता पार्टी, आणि तुमचा श्रावण.

श्रावणाचं कारण मागे घ्या. आज ते सोयीचं वाटतंय, पण आमच्याकडे श्रावण पाळणाऱ्याची बाटली भाद्रपदात राखून ठेवलेली असते. पोरं दिवस मोजतील, गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतील, कोणी तरी हक्काने म्हणेल 'सुटला ना आता श्रावण?' आणि तेव्हा तुमच्याकडे दुसरं कारण नसेल. एकच वाक्य ठरवा आणि सगळ्यांना तेच सांगा: 'लिव्हर गेलंय, डॉक्टरांनी कायमची बंद केली.' मालकाला आधी, मग खलाशांना. खरं बोललात की पुन्हा पुन्हा बोलावं लागत नाही. गावच्या राखणीला, म्हणजे राखणदार देवाच्या मानाला, कोंबड्यासोबत बाटली लागते आणि मान तुमच्या घराकडे असेल तर ती ठेवायचं काम भावाला द्या. राखणदाराची तक्रार यायची नाही.

पार्टीचं म्हणाल तर तुम्ही तांडेल आहात. जाळं कुठे टाकायचं, नौका केव्हा फिरवायची, हे तुमच्या एका शब्दावर चालतं. मग 'या नौकेवर बाटली चढणार नाही' हा शब्द कोणाचा असणार? पहिल्या फेरीचं जेवण द्या, मटण-वड्याचं द्या, पोट भरून द्या, घरी द्या. कोणी नाराज होऊन दुसऱ्या नौकेवर गेला तर जाऊ दे. खलाशी मिळणं किती कठीण झालंय, नेपाळ आणि कर्नाटकातून माणसं आणावी लागतात, हे माहीत असूनही म्हणते.

वाटणीच्या संध्याकाळी एकटे घरी येऊ नका. भाऊ, मेहुणा, न पिणारा शेजारी, कोणीतरी जेट्टीवर उभा असू दे, आणि पैसे त्याच्यासमोरच घरी द्या. समुद्रात पुढे गेलं की फोन लागत नाही. म्हणून मिटिंगमध्ये ज्याचा नंबर मिळेल त्याला निघायच्या आदल्या संध्याकाळी एक फोन, आणि परत येताना रेंज मिळाली की जेट्टीला लागायच्या आधी दुसरा.

तो चोवीस वर्षांचा पोरगा. सकाळी थरथरणारे हात म्हणजे त्याच्या शरीराला आता दारूशिवाय चालत नाही. त्याला दम देऊन नौकेवर एकदम बंद करायला लावू नका. रोज पिणाऱ्याची अचानक थांबली तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि दोन-चार दिवसांत भास, बडबड, ताप, घाम. बंदरावर लोक म्हणतात याला बाहेरचं लागलं. लागलेलं काही नसतं, दारू उतरत असते, आणि यात माणसं मरतात. त्याला आधी दवाखान्यात न्या, तिथे बी-वन जीवनसत्त्व आणि गोळ्यांवर चार-पाच दिवसांत नीट उतरवतात. त्याचं लिव्हर बहुधा अजून चरबीच्या पायरीवर असेल, ती पायरी दारू थांबवली की काही आठवड्यांत मागे फिरते. त्याला तुमचं पोट दाखवा, सुई कुठे घातली ती जागा दाखवा, किती लिटर निघालं ते सांगा. मी सांगून तो ऐकणार नाही. उपकार म्हणून करू नका, बिलने केलं तसं स्वतःसाठी करा. ज्या दिवशी त्याला घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसाल त्या दिवशी तुम्ही पिणार नाही. हाच नियम तुमच्यासाठीही: चुकून घसरलात आणि चार दिवस सलग प्यालात तर थांबायलाही दवाखानाच गाठा.

वहिनी रोज वास घेतात म्हणून तुमचं डोकं फिरतं. त्यांनी किती वर्षं 'आज नाही घेतली' हे वाक्य ऐकलं असेल? विश्वास परत यायला तुमच्या लिव्हरपेक्षाही जास्त वेळ लागणार आहे, आणि तो मागून मिळत नाही. पण पोलिसाचं काम त्यांच्याकडे राहिलं तर दोघंही झिजाल, हेही खरं. मग असं करा: त्यांनी जवळ यायच्या आधी तुम्हीच सांगा. 'आज चार वाजता खूप वाटलं होतं, फोन केला, निभावलं.' वाटलंच नाही असं खोटं सांगू नका, त्यांना लगेच कळतं. आणि हे पत्र त्यांना वाचायला द्या. वहिनी, पिणाऱ्यांच्या घरच्यांच्याही वेगळ्या मिटिंगा असतात, ॲल-ॲनॉन म्हणतात. तिथे नवऱ्याला कसं सुधारायचं ते शिकवत नाहीत, तुम्ही कसं जगायचं ते बोलतात. एकदा जाऊन बघा, त्यांना न सांगता गेलात तरी चालेल.

दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका, सिरॉसिसमध्ये लिव्हरच्या कॅन्सरवर लक्ष ठेवावं लागतं. हेपटायटिस बी आणि सी तपासून घ्या, बीची लस घ्या. पैशाचा प्रश्न आला तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेत काय बसतं ते विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

शेवटचं हे वहिनींना आणि नौकेवर तुमच्यानंतर सुकाणू धरणाऱ्या माणसाला, दोघांनाही पाठ करायला लावा. रक्ताची किंवा कॉफीसारखी उलटी, डांबरासारखी काळी शी, बोलण्यात गोंधळ किंवा दिवसा झोप आणि रात्री जाग, ताप आणि पोटात दुखणं, लघवी कमी होणं. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. घरी असाल तर 108. समुद्रात असाल तर जाळं तोडून जवळचं बंदर धरायचं, नौकेवरच्या व्हीएचएफ रेडिओवर मदत मागायची, आणि जिथे फोन लागतो तिथून तटरक्षक दलाचा 1554.